जुन्या सीलवर नवं सील

माझ्या बायकोला हे माहीत नाही. मुलांना नाही. ज्याच्याबरोबर वीस वर्षं एका डब्यात जेवलो त्या भागीदारालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण गेल्या महिन्यात आमच्या गॅरेजवाल्यांच्या मंडळाने मला शाल दिली—‘प्रामाणिक कारागीर’ म्हणून. माईकवर एकजण म्हणाला, ह्या माणसाने उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला फसवलं नाही. टाळ्या पडल्या. आणि मी? मी हात जोडून उभा! तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. लाज वाटते असं म्हणत नाही मी. राग येतो. त्यांचा येतो, आणि माझा तर इतका येतो की आरशासमोर दाढी करवत नाही.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात, माझं पत्र्याचं छोटं गॅरेज होतं. अंबरनाथच्या एका डॉक्टरीणबाईंची जुनी डिझेल गाडी माझ्याकडे यायची. बाईंचं अंबरनाथला हॉस्पिटल, शिवाय आठवड्यातून तीन दिवस बदलापूरला दवाखाना. गाडी चालवायचा काशिनाथ. पालेगावचा, घरची थोडी भातशेती, वय माझ्याएवढंच—पस्तिशीच्या आसपास. रोज सकाळी बॉनेट उघडून तेलाची पट्टी पुसून बघणारा ड्रायव्हर मी तोवर पाहिला नव्हता. आवाज जरा बदलला की घेऊन यायचा. ‘मिस्त्री, आज ती खोकतेय,’ म्हणायचा. मला हसू यायचं. आणि खरं सांगू? थोडा रागही यायचा—हा मला माझं काम शिकवतो की काय!

त्या दिवशी तो ऑइल बदलायला गाडी घेऊन आला. त्या गाडीचा फिल्टर हल्लीसारखा फिरवून काढायचा डबा नव्हता. लोखंडी वाटी, आत कागदी फिल्टर, आणि वाटी वर जिथे टेकते तिथल्या खाचेत एक रबरी रिंग. तेच सील. इंजिनच्या उष्णतेने ते कडक होतं, खाचेला चिकटून बसतं. दर वेळी जुनं कोरून काढायचं, खाच पुसायची, मगच नवं बसवायचं. काम दहा मिनिटांचं. पण गाडीखाली उताणं पडून, तोंडावर तेल झेलत करायचं.

नवं सील मी कोपऱ्यावरच्या सिंधी दुकानदाराकडून आणलं. म्हातारा नेहमीप्रमाणे म्हणाला, ‘साईं, पहले पुराना निकालना. ऊपर मत चढ़ाना.’ मी चिडलो. मला सांगतो!

समोरच्या दुकानात टीव्हीवर मॅच चालू होती. हो, मॅच. मी काही मोठं कारण शोधून ठेवलंय असं समजू नका. बोट फिरवून बघितलं, जुनं सील खाचेत दगडासारखं बसलेलं. मला ते कळलं होतं—न कळता झालं असं म्हणायची सोयच नाही. तरी मी त्याच्यावरच नवं चढवलं, वाटी आवळली, इंजिन चालू करून बघितलं. थेंब नाही. हात पुसले आणि मॅच बघायला गेलो.

दोन दिवसांनी काशिनाथ आला. ‘मिस्त्री, गाडीखाली थेंब पडतायत. परवापर्यंत नव्हते.’

‘वाटी उतरवताना सांडलेलं असेल. फडक्याने पूस.’

‘पुसलं. परत आलेत.’

‘मग परत पूस,’ मी म्हणालो. वाकून बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर चूक दिसली असती, आणि ती त्याच्यासमोर दिसली असती. एवढंच. तो गेला. जाताना म्हणाला, ‘तुम्ही म्हणता म्हणून नेतो.’

दुसऱ्याच दिवशी बदलापूरच्या रस्त्यावर ते सील दाबाने बाहेर फेकलं गेलं. तेल मिनिटाभरात रस्त्यावर. तेलाचा लाल दिवा लागला, काशिनाथने तिथल्या तिथे गाडी बाजूला घेतली—पण तोवर इंजिन जाम. बाई मागे बसलेल्या. बदलापूरला एक बाळंतीण अडलेली होती. बाई एका टेम्पोत बसून पोचल्या, उशिरा. बाळंतीण आणि बाळ दोघंही वाचली. वाचली नसती तर मी आज हे सांगितलं असतं का? नसतं, अशी माझी खात्री आहे.

गाडी ओढून माझ्याकडे आणली. मी वाटी उतरवली. आत जुनं सील तसंच होतं, आणि नव्याचा तुकडा बाहेर लोंबत होता. एका नजरेत सगळं कळेल असं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी दोन्ही काढली आणि खिशात घातली.

संध्याकाळी बाई आल्या. मागे काशिनाथ, हात पाठीशी बांधून. बाईंनी विचारलं, ‘काय झालं होतं?’

मी म्हणालो, ‘तेल संपलेल्या अवस्थेत गाडी पळवलीय बाई. दिवा बराच वेळ लागलेला असणार. ह्यांनी लक्ष दिलं नाही.’

किती सहज! एक शब्द अडला नाही.

‘दिवा लागला तशी थांबवली मी,’ काशिनाथ म्हणाला. ‘बाई, तुम्ही होता ना मागे.’

बाई म्हणाल्या, ‘मी फाइल वाचत होते. मला काय माहीत?’ आणि मग त्याच्याकडे वळून, ‘मिस्त्री कशाला खोटं बोलतील?’

आजही हे वाक्य आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. कशाला खोटं बोलतील? का बोलणार नाहीत! तुम्ही शिकल्यासवरलेल्या, रोज माणसं तपासता—मला एक तरी उलट प्रश्न विचारायला हवा होतात. काय बिघडलं ते दाखव, म्हणायला हवं होतं. खेड्यातला ड्रायव्हर म्हणजे चुकलेलाच, हे आधीच ठरलेलं होतं तुमचं. आणि तुमचं ते ठरलेलं असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याच जोरावर मी बोललो. म्हणून हा राग फिरून माझ्याकडेच येतो. यायलाच हवा.

बाईंनी त्याला त्याच दिवशी काढलं. दोन दिवसांनी तो एकटा गॅरेजवर आला. भांडायला नाही. बाकड्यावर बसला आणि म्हणाला, ‘मिस्त्री, बाकी काय नको. थेंब पडतात हे मी तुम्हाला सांगितलं होतं, एवढंच बाईंना सांगा. नोकरी नाय दिली तरी चालेल.’

मी पान्हा हातात धरून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, ‘तू कधी सांगितलंस? मला नाही आठवत.’

तो बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच प्रश्न पडलेला दिसत होता—आपण सांगितलं होतं की नव्हतं? स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास मी त्याच्याकडून काढून घेतला. नोकरी गेली ती गेली, पण हे? ह्याला काय नाव द्यायचं?

‘इंजिन जाळणारा’ म्हणून त्याचं नाव अंबरनाथभर झालं. कुणी गाडी हातात देईना. पुढे तो कॅम्पातल्या जीन्सच्या कारखान्यांतून कापडाचे गठ्ठे पाठीवरून वाहायला लागला. मला दिसायचा. मी रस्ता बदलायचो. बाईंनी मात्र ओळखीच्या सगळ्या डॉक्टरांच्या गाड्या माझ्याकडे पाठवल्या. पत्र्याची शेड जाऊन पक्कं गॅरेज झालं.

सात-आठ वर्षांनी पालेगावात एका बिल्डिंगच्या कामावरचा ट्रक बंद पडला म्हणून मला बोलावलं. काम आटोपून हात धूत होतो तर शेजारच्या घराच्या ओट्यावर काशिनाथ. पाठीचा मणका गेलेला, भिंतीला टेकून बसलेला. त्यानेच हाक मारली. ‘मिस्त्री, चहा घेऊन जा.’

नाही कसं म्हणणार? बसलो. त्याची बायको चहा घेऊन आली. मी कोण ते तिला कळलं, तशी तिथेच थांबली.

‘तुमी समोर हाव म्हणून इचारते,’ ती म्हणाली. ‘एवढी वर्सं मी यांना बोलत आले, यांच्या हलगर्जीपणानं घर बसलं. हे म्हनतात, माझी चूक नव्हती. तुमी गाडी उघडलीत ना? तुमीच सांगा. यांची चूक होती का?’

काशिनाथ माझ्याकडे बघत होता. शांतपणे. वाट बघत.

खिशातली सीलं मी केव्हाच फेकली होती. बाई दवाखाना बंद करून पुण्याला गेल्या होत्या. माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं. भिण्यासारखं त्या ओट्यावर काहीएक नव्हतं.

मी म्हणालो, ‘वहिनी, गाडी जुनी होती.’

ती नवऱ्याकडे बघून मान हलवत आत गेली. काशिनाथने नजर काढून घेतली आणि समोरच्या बांधकामाकडे बघू लागला. मी कपातला चहा संपवला. सगळा. मग उठलो.

तिने विचारलेल्याचं उत्तर असं आहे. नाही वहिनी, त्यांची चूक नव्हती. त्यांनी मला सांगितलं होतं. चूक माझी होती, आणि ती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती.