ह नसलेली किल्ली

शुद्धलेखन आणि लिनक्स या दोहोंवर एकाच वेळी जीव टाकणारा माणूस साऱ्या सोलापुरात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब! साडूभाऊ मराठीचे निवृत्त मास्तर. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटवर लग्नपत्रिका द्यायला गेलेला माणूस ती लाल शाईनं तपासून परत घेऊन येतो. लिनक्सवर, म्हणजे संगणक चालवणाऱ्या त्या फुकटच्या प्रणालीवर, जीव जडला तोही याच कारणानं. "एक टिंब चुकलं तरी ऐकत नाही हो! असा काटेकोर प्राणी मला उभ्या नोकरीत स्टाफरूममध्ये भेटला नाही." या प्रेमापोटी ते वरचेवर लॅपटॉप धुऊनपुसून त्यावर नवं लिनक्स चढवतात. त्यात वायफायचा पासवर्डही पुसला जातो. पासवर्ड म्हणायचं नाही हं, किल्ली म्हणायचं. मग त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, पोळ्या लाटता लाटता पिठाच्या बोटांनी ती घालून देतात. किल्लीचा शब्द ठरवलेलाही अक्कांनीच. अक्का बार्शीकडच्या. त्यांचं हाय-न्हाय साडूभाऊ लग्नापासून दुरुस्त करताहेत, आणि अक्का "बरं" म्हणून पुन्हा तसंच बोलताहेत.

परवा मात्र पंचाईत झाली. अक्का लेकीच्या बाळंतपणाला बंगळूरला, दुपारी नातीचं बारसं, साडूभाऊंचा पाय प्लास्टरमध्ये. बारसं लॅपटॉपवरच बघायचं होतं, आणि या महापुरुषानं शुभकार्य म्हणून त्याच सकाळी नवं लिनक्स चढवलेलं! मी पोचलो तेव्हा किल्ली लागत नव्हती. "माझ्या मोबाईलवर बघा की," मी म्हणालो. "नातीचं तोंड पहिल्यांदा बघायचं, ते या टीचभर काचेत?" झालं! एन्क्रिप्शनचा प्रकार बदलून झाला, ड्रायव्हर काढून घातला, राउटरला दोनदा मूर्च्छा आणवली. दोष कंपनीचा, दोष राउटरचा, शेवटी माझ्या मोबाईलच्या लहरींचा. मला गॅलरीत उभं केलं.

तिथूनच मी अक्कांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून आत आलो. मागं बायकांचा गलका चालला होता.

"तुमीआमी," अक्का म्हणाल्या. "इंग्रजीत. समदं जोडून."

"तेच तर घालतोय सकाळपासून!" साडूभाऊ कडाडले.

मला शंका आली. टिंबांमागची अक्षरं दाखवणारं डोळ्याचं चित्र मी दाबलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत आलं, तुम्हीआम्ही. दोन्हीकडं एच, ठसठशीत! मला हसू आवरेना. अक्कांना सांगितलं.

"अवो, ते ह कशाला घालताय? तुमी-आमीत मी कदी ह लावते का?"

"पण अशुद्ध आहे ते!"

"आसू द्या की! पोरीला पाळन्यात घालायलेत हितं. काडा ते ह!"

साडूभाऊंची बोटं थबकली. जन्मभर पोरांच्या वह्यांत ह घालत आलेला माणूस. पहिला ह खोडताना त्यांचा चेहरा दाढ काढून घेताना होतो तसा झाला. दुसरा मात्र पटकन गेला. वायफाय लागलं.

पाळणा दिसला. त्यात मुठी आवळून झोपलेली नात, आणि शेजारी अक्का. साडूभाऊ पडद्याकडं झुकले. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

"दिसतंय का?" अक्कांनी विचारलं.

"दिसतंय," ते म्हणाले. मग पाळण्यावरची नजर अक्कांकडं वळवून, "घर लई मोकळं वाटतंय. कदी येनार?"

"काय म्हनला?" अक्कांनी कान पुढं केला.

साडूभाऊंनी दुरुस्ती केली नाही. पुन्हा तस्संच म्हणाले.