सरांचं पॅकेज मी काढलं

धामणगाव बढ्याच्या शाळेत मला गणित शिकवणारे सर निवृत्त झाले आणि वर्षा-दोन वर्षांत काकूंची नजर शुगरनं गेली. काकू अंगणवाडीत होत्या. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची त्यांना जन्माची सवय. सरांनी तळहाताएवढा एक स्वस्त कॉम्प्युटर मागवला, साठीनंतर प्रोग्रॅमिंग शिकले आणि मराठी मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्रॅम लिहिला. आवाज यंत्राचाच होता, पण काकूंना रोज पेपर ऐकायला मिळू लागला.

मी बुलढाण्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात, बिनपगारी, लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीच्या एका मोफत आवृत्तीचं काम बघतो. सरांच्या कॉम्प्युटरमध्ये असते तसल्या छोट्या चिपवर चालायचे प्रोग्रॅम मोठ्या मशीनवर तयार करणारा एक वेगळा कंपायलर असतो. तो आणि त्याच्यासोबतची हत्यारं सांभाळणं माझ्याकडे. सरांच्या प्रोग्रॅमचं पॅकेज, म्हणजे कुणालाही आयता बसवून घेता येईल असा संच, मीच त्या लिनक्समध्ये घातलं आणि देखभाल करणारा म्हणून त्यांचं नाव लावलं. ते नाव दाखवायला सरांनी काकूंना हाताला धरून स्क्रीनपुढे आणलं. त्यांना दिसत नाही, हे क्षणभर विसरलेच.

पुढे कंपायलरची नवी आवृत्ती आली. अशा वेळी प्रत्येक पॅकेज पुन्हा तयार करायचं आणि त्याला लागणाऱ्या सामायिक लायब्रऱ्या, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ते तयार भाग, जागेवर आहेत का ते तपासायचं, हे माझं काम. सरांचा प्रोग्रॅम आवाजासाठी एका जुन्या लायब्ररीवर अवलंबून होता. तिच्या मूळ लेखकानं ती केव्हाच सोडून दिली होती आणि नव्या कंपायलरवर ती तयारच होईना. नियम साधा होता. महिनाभरात कुणी जबाबदारी घेतली नाही तर लायब्ररी काढायची, आणि तिच्यावर अवलंबून असलेलं सगळंही. मी ठरलेल्या मजकुराचा इंग्रजी मेल सरांना आणि आमच्या सामायिक मेल-यादीवर पाठवला.

सरांनी सगळ्यांना दिसणाऱ्या त्या मेल-यादीवरच मराठीत उत्तर दिलं. मला हे दुरुस्त करता येत नाही, शिकायला थोडा वेळ द्या, घरात रोज लागतं, असं त्यांनी लिहिलं होतं. मला त्यांनी अहोजाहो केलं होतं. मी त्याखाली इंग्रजीत नियमाचा क्रमांक लिहिला. फोन केला नाही. आपल्या माणसासाठी नियम वाकवतो, असं कुणी म्हणेल ही भीती होती, असं मी स्वतःला सांगत असे. पण त्याच आठवड्यात एका परदेशी कंपनीच्या इंजिनिअरनं त्यांची लायब्ररी अडल्याचं कळवलं, आणि तिच्यासाठी मी चार संध्याकाळी घातल्या. तुमच्यासारख्यांमुळे हे सगळं चालतं, असं त्यानं शेवटी लिहिलं. ती ओळ मी बायकोला वाचून दाखवली. दोन्ही लायब्रऱ्यांतली चूक एकाच जातीची होती. मला ते तेव्हाच दिसलं होतं.

महिना भरला आणि मी पॅकेज काढलं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा सरांकडे गेलो. कॉम्प्युटर टेबलावर होता, त्यावर कापड टाकलेलं. अपडेट करताना हे पॅकेज काढू का, असं मशीननं विचारलं होतं, असं सरांनी सांगितलं.

"मंग?" मी विचारलं.

"हो म्हणलं. तुह्यं काम हाये, तू काही चुकीचं करशीन काय?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी तिथंच लॅपटॉप उघडला. दुरुस्तीला दोन तासही लागले नाहीत. आवाज आला तसं सरांनी काकूंना बोलावलं. त्या खुर्चीत बसल्या, चार ओळी ऐकल्या आणि म्हणाल्या, "बंद कर बाबू."

मी बंद केलं.

"महिनाभर हे मले सांगत होते, त्याचा फोन येईन. मेल मोठ्या लोकायसाठी असते, आपल्याले तो फोनच करीन. मी म्हणत होते, तुम्हीच लावा. तर म्हणे, त्याले अडचणीत काऊन टाकायचं."

सर उठून आत गेले. काकूंनी मला फराळ घ्यायला सांगितलं. मी चिवडा खाल्ला, कारण उठून जायचं कसं ते सुचेना.

बुलढाण्याला परतल्यावर दुरुस्त केलेली लायब्ररी पाठवली, पॅकेज परत घालण्याचा अर्ज केला. तो मंजूर होण्याआधी सरांचा एका ओळीचा मेल आला, की पॅकेजला आता त्यांचं नाव लावू नये. मी माझं लावलं. पॅकेज आता व्यवस्थित तयार होतं, कुठलीच तक्रार येत नाही.

त्यानंतर दोनदा सरांकडे जाऊन आलो. चहा होतो. ते गुडघेदुखीचं सांगतात, बायको-पोरांची चौकशी करतात. काकू आता शेजारच्या बाईकडून पेपर वाचून घेतात, ती येईल तेव्हा, तिला जमेल तेवढा. कॉम्प्युटर चालू करून देऊ का, असं मी दुसऱ्या वेळी विचारलं. सर म्हणाले, "राहू दे." मग पाऊसपाण्याचं बोलायला लागले.