मागच्या बाकावरचे भाषण

हे मी इतके दिवस कोणाला सांगितले नव्हते — आता तुम्हाला सांगतो आहे. दुसऱ्याची बुद्धी मी आपली म्हणून मिरवली. एक दिवस नव्हे — सात वर्षे.

गोष्ट एकाहत्तर सालची. साताऱ्यात आमचे एक चित्रपट मंडळ आहे. शनिवारी संध्याकाळी चित्रपट, रविवारी सकाळी त्यावर चर्चा. त्या शनिवारी भयपट होता. पण भूत शेवटपर्यंत आलेच नाही. एक सून घरभर वावरते, पाने मांडते, दिवे लावते. बाकीची माणसे आपसांत बोलतात — आणि पाहणाऱ्याला भीती वाटत राहते. का वाटते? मी शाळामास्तर, मंडळाचा ठरलेला वक्ता. मला काही उमगले नव्हते.

माझी पत्नी रहिमतपूरकडची. सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, भूत दिसलं न्हाई कसं? त्या सुनंला आख्ख्या शिनिमात कुणी नावानं हाक मारली का? ती हाय का न्हाई, घरात कुणाला ठावंच न्हाई. तीच भूत की!"

तासाभराने हेच मी शुद्ध भाषेत मांडले. टाळ्या पडल्या. ती मागच्या बाकावर बसली होती.

घरी येताना एवढेच म्हणाली, "लय झ्याक बोललासा. आता भाकरीबी तुमीच थापा." आणि हसली. मीही हसलो. तेव्हाच कबूल करता आले नसते का?

पुढे मंडळात कोणी नवा आला, की त्या भाषणाची आठवण निघे आणि मी मान लववून विनय दाखवी. विनय!

चोरी एवढीच असती तर — पण आमच्याकडे नवरा बायकोचे नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतले, तेवढेच. नंतर 'अगं', 'ऐकलंस का'. ज्या सुनेविषयी मी इतका कळवळून बोललो, तिच्याच जागी माझ्या घरात माझी बायको होती.

तसे आमचे बरे चालले आहे. संध्याकाळी अंगणात चहा घेतो. ती चित्रपटांवर बोलते, मी ऐकतो. सुख आहे. त्या सुखातच हा खडा टोचत राहिला.

परवाच्या रविवारी अध्यक्षांनी पुन्हा ते भाषण काढले. मी उठलो, आणि मागच्या बाकाकडे वळलो. तिने डोळे वटारले — बसा म्हणून. मी बसलो नाही.

"हौसा," सर्वांदेखत म्हणालो, "ते सारं तू सांगितलं होतंस. मी तुझं नाव घेतलं नाही. माझं चुकलं."