सकाळी कोण?

कुत्र्याचं पिल्लू मागायला कुणी आलं की आंटी त्याला लगेच आत बोलवायची नाही. ओटीवरच्या खांबाला टेकून उभी राहायची, चष्मा डोक्यावर ढकलायची आणि विचारायची, "सकाळी कोण?"

माणूस गोंधळायचा. "म्हणजे?"

"म्हणजे सकाळी त्याला शू करायला बाहेर कोण नेणार? पाऊस असो, ताप असो, रात्री लग्नाहून उशिरा आलेले असा. एक नाव सांग."

"आम्ही सगळे मिळून करू ना, आंटी."

"सगळे म्हणजे कोणीच नाही. जा, घरी ठरवून ये."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचा आधी राग येतो. मलाही यायचा. आमची बैठी चाळ गोरेगाव पूर्वेला, आरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिच्या मागे जुनं गावठाण आणि तिथल्या क्रूसाला लागून आंटीचं घर. पूर्वी ती एका बालवाडीत आया होती. नवरा कधीच गेलेला, मूल नाही. तिला नाव होतं, पण ते फक्त पोस्टमन घ्यायचा. बाकी सगळ्यांची ती आंटीच.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. एका खोलीत टीव्ही, कुकर आणि पाहुणे यांच्यामध्ये अभ्यास जमेना, म्हणून मी तिच्या ओटीवर पुस्तकं घेऊन बसू लागले. तिने मला कधी 'बस' म्हटलं नाही आणि 'ऊठ'ही म्हटलं नाही. तिचा म्हातारा कुत्रा बाबू माझ्या चपलांवर डोकं ठेवून झोपायचा. वर्षभर मला घरी जाताना त्याची परवानगी घ्यावी लागली.

रस्त्यावरच्या कुत्र्या व्यायल्या की तिच्या मागच्या पडवीत यायच्या. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत ती कुणाला नेऊ द्यायची नाही. "आईकडून शिकू दे आधी. चावायचं किती आणि थांबायचं कुठे, ते तीच शिकवते." मग पिल्लांना इंजेक्शनं, घरं, आणि त्यांच्या आईचं ऑपरेशन, म्हणजे पुन्हा तेच नको.

एकदा समोरच्या टॉवरमधलं एक तरुण जोडपं आलं. त्यांना बर्फातला झुबकेदार कुत्रा हवा होता, तो कुठे मिळेल एवढंच विचारायचं होतं.

"मे महिन्यात त्याला कुठे ठेवणार?" आंटीने विचारलं.

"एसी आहे ना."

"आणि शू करायला? खाली पण एसी लावणार काय?" मग जरा मऊ आवाजात, "अरे बाबा, आपलाच घाम थांबत नाही. त्याने कुणाचं काय वाईट केलंय? आपल्या हवेतला घे ना."

ते चिडून गेले. काही दिवसांनी परत आले तेव्हा बायको पायरीवरूनच म्हणाली, "सकाळी हा, संध्याकाळी मी." आंटीने त्यांना आत बोलावून चहा दिला. ठिपक्यांचं एक देशी पिल्लू त्यांच्याकडे गेलं. नंतर आंटी न सांगता त्यांच्या घरी जाऊन आली. ती कुठेही गेली तरी फक्त पाण्याचं भांडं बघायची. सोफा, टीव्ही, काही नाही.

मुलाच्या वाढदिवसाला पिल्लू मागणाऱ्यांना ती केकच्या दुकानाचा पत्ता सांगायची. आरेच्या बाजूला राहणाऱ्यांना मात्र दम असायचा. "अंधार पडला की पिल्लू घरात. बिबट्या कुणाचा कुत्रा ते विचारत बसत नाही."

तिचे आणखी दोन नियम होते. एक, ती पिल्लांना नावं ठेवायची नाही. "नाव ठेवलं की देववत नाही." दुसरा नियम कपड्याचा. पिल्लू ज्या घरी जाणार, तिथला रोजच्या वापरातला एक कपडा आधी तिच्याकडे यायचा. पिल्लू काही दिवस त्यावर झोपायचं. "घर बदललं तरी वास ओळखीचा पाहिजे. नाहीतर पहिल्या रात्री रडून रडून चाळ जागी करेल."

बाबू गेला तेव्हा पडवीत चार पिल्लं होती. तिघांना घरं मिळाली. चौथं लांबट, मरतुकडं, फासळ्या मोजून घ्याव्यात असं. येणारे त्याला बघून 'दुसरं नाही का?' म्हणायचे. मीही त्याच्याकडे फार लक्ष दिलं नव्हतं. एका दुपारी मी ओटीवर वाचत होते आणि आतून आवाज आला, "बोंबील, ए बोंबील, सोड माझा गाऊन!"

मी पुस्तक मिटलं. आंटीने नाव ठेवलं होतं.

मला फार बरं वाटलं. बाबू गेल्यापासून ती जेवणाचं ताट अर्धंच खायची, उरलेलं कुणाला घालावं हे न कळल्यासारखी बसून राहायची. आता ती पुन्हा बडबडू लागली. पण एका सकाळी मांजर दिसलं म्हणून बोंबील पट्ट्यासकट धावला आणि आंटी क्रूसाच्या पायरीवर आपटली. ती 'पडले' म्हणायची नाही, 'बसले' म्हणायची. तेव्हापासून गुडघा सुजलेलाच राहिला. वसईचा भाचा येऊन सांगून गेला, "आता एकटी नको राहूस, आमच्याकडे चल." त्याच्या घरात लहान मूल होतं, बायकोला दमा होता. कुत्र्याचं त्याने काही म्हटलं नाही. आंटीनेही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ती खांबाला टेकली आणि मला म्हणाली, "विचार मला."

"काय विचारू?"

"सगळ्यांना विचारते ते."

"आंटी, नको ना."

"विचार गं. तू शिकलेली आहेस, घाबरतेस काय?"

मी खाली बघून विचारलं, "सकाळी कोण?"

 बोंबील तिच्या गाऊनचं टोक चावत होता. तिने ते सोडवून घेतलं नाही. मग म्हणाली, "तुझ्या आईला विचार. तुला नाही विचारत. तू आज कॉलेजात, उद्या नोकरीत."

मी घरी सांगितलं. बाबा स्टुडिओत लाइटचं काम करतात, त्यांच्या वेळेचा भरवसा नाही. ते छताकडे बघू लागले. आई भाकरी थापत होती. आम्ही मूळचे मालवणकडचे, आईची भाषा अजून तिथलीच. ती म्हणाली, "सकाळी मीच उठतंय नळाक. दुसरा कोण उठता ह्या घरात?"

आंटी लंगडत आमच्याकडे आली. बोंबील झोपणार त्या कोपऱ्यात स्वतः फरशीवर बसली. "इथे मोरीचं पाणी येतं. कपाटाजवळ करा." मग आईकडे कपडा मागितला.

आता आमच्या आईचं सांगायला हवं. दुसऱ्याच्या घरी वस्तू द्यायची तर ती स्वच्छ, हा तिचा धर्म. तिने स्वतःच्या अंगावर घ्यायच्या गोधड्यांतली सगळ्यांत मऊ गोधडी भिजवली, घासली, दारातल्या दोरीवर वाळवली, घडी घालून माझ्याकडे दिली. आंटीने ती नाकाला लावली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"हा पावडरचा वास. त्याने पावडरच्या घरी जायचं काय?"

आईला ते लागलं. "मळको कपडो लोकांच्या घराक कोण देता?" ती भांड्यांशी बोलत राहिली. त्या रात्री मात्र तीच गोधडी घेऊन झोपली. पुढेही झोपत राहिली. मग एका सकाळी पाणी भरून झाल्यावर, केस विंचरायच्या आधी, ती गोधडी काखेत मारून स्वतःच गावठाणात गेली. पहिल्यांदाच. परत आली ती चहा पिऊनच.

बोंबील आला तेव्हा गोधडीबरोबर आंटीचा निळ्या फुलांचा गाऊनही आला. टोक चावलेलं, न धुतलेला. पहिल्या रात्री तो रडला नाही. गाऊनमध्ये तोंड खुपसून झोपला.

वसईला जायच्या आधी आंटी एकदा न सांगता आली. पाण्याचं भांडं बघितलं. भरलेलं होतं. बोंबील तिच्यामागे दारापर्यंत गेला, तेव्हा तिने त्याला नावाने हाक मारली नाही. चष्मा डोक्यावर ढकलून आईला नुसतं म्हणाली, "येते."

नंतर रविवारी तिचा फोन यायचा. मला अभ्यासाचं विचारून झालं की फोन आईकडे द्यायला सांगायची. आई एवढंच म्हणायची, "मीच. दुसरा कोण?" आणि दोघी हसायच्या.

या हिवाळ्यात आंटी वारली, वसईलाच. भाच्याने कळवलं. आम्ही तिघं जाऊन आलो.

परवा आईने सुट्टीचं धुणं काढलं. पडदे, चादरी, बाबांचे मळके शर्ट, सगळं. मी बोंबीलच्या कोपऱ्यातला गाऊन उचलला. केसांनी भरलेला, कडक झालेला. बादलीत टाकणार, तर आईने तो माझ्या हातातून घेतला.

"तो नको. तो रवांदे."

तिने गाऊन दारात नुसता झटकला आणि पुन्हा कपाटाजवळ पसरला. बोंबीलने त्यावर गोल फिरून जागा केली आणि फुलांत नाक घालून झोपला.