चंदन आधी भरायचं

चंदनाचं अत्तर शिशी उघडल्या उघडल्या काहीच सांगत नाही. केवडा दारातूनच हाक मारतो, हिना तर गल्लीच्या तोंडाशी कळते. चंदन मनगटावर लावून विसरून जावं लागतं. मग अर्ध्या तासानं पदर सारखा करताना लाकडाचा, थोडा सायीसारखा वास येतो, आणि तो अत्तराचा की आपला स्वतःचाच, हे कळत नाही. मला हे आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

तेव्हा या शहरात येऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. माहेर-सासर दोन्ही गोंदियाकडचं. नवरा वाळूजच्या कंपनीत लागला म्हणून इतक्या लांब आलो. माझी शाळा सातवीत सुटली. कुठं काम विचारायला गेलं की 'शिक्षण किती?' ऐकायच्या आधीच मी परत फिरायचे. जुन्या शहरातल्या अत्तराच्या दुकानात मालकांनी, सगळे त्यांना चाचा म्हणतात, ते विचारलंच नाही. "हात थरथरतो का?" एवढंच म्हणाले. मी हात पुढं केला. थरथरत होता. "हे तर भीतीनं. चालंल," म्हणाले आणि मोठ्या बाटल्यांतून छोट्या शिश्या भरायला मला बसवलं. ते उपकार मी रोज आठवायचे, आणि हे काम जाईल म्हणून रोज घाबरायचे.

एका मंगळवारी मी सकाळपासून मोगरा भरला, मग हिना, मग केवडा. जेवून आले तर चंदनाची मोठी बाटली उघडीच. बूच मीच काढून ठेवलं होतं. हुंगलं. काही नाही. पुन्हा हुंगलं. पाणी हुंगावं तसं. माझ्यामुळं सगळं उडून गेलं! चाचा नमाजला गेले होते. निदान काहीतरी वास यावा म्हणून मी केवड्याचे सात थेंब चंदनात सोडले, बाटली हलवली आणि मुकाट्यानं शिश्या भरायला लागले.

संध्याकाळी गारखेड्याचे काका आले. कोर्टातले निवृत्त कारकून, कायम चंदनच नेणारे. चाचांनी नव्या शिशीतलं त्यांच्या मनगटावर लावलं. काका पायरीपर्यंत गेले आणि परत फिरले.

"चाचा, आज या चंदनाला कसली घाई? माझ्याआधी रस्त्यावर पोचलं. माझं लगीन ठरवलं काय तुम्ही?"

"या वयात कोण देतंय तुम्हाला पोरगी," चाचा म्हणाले, त्यांचं मनगट हुंगलं, आणि हसता हसता थांबले. "केवडा." मग माझ्याकडं बघितलं.

मी सगळं सांगून टाकलं. बूच, जेवण, सात थेंब.

"लई हुशार!" चाचा म्हणाले. "अगं बेटी, चंदन काय रॉकेल आहे, दुपारभरात उडायला? केवडा भरून उठली तू. नाक बहिरं झालं तुझं. जा, हात धू अन् बाहेर उभी राहा वीस मिनिटं. चहाच्या गाडीजवळ नको."

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. आत दोघं बोलत होते. माझा हिशेब करून मला काढायचंच बोलत असणार, असं वाटलं. घरी नवऱ्याला काय सांगायचं, तेही मनात जुळवून झालं.

आत बोलावून चाचांनी चंदनाच्या दुसऱ्या, जुन्या बाटलीत बुडवलेला कापसाचा फाया माझ्या नाकाशी धरला. आधी काहीच नाही. माझे डोळे भरले. मग आलं, अगदी सावकाश, कुणी शेजारी येऊन न बोलता बसावं तसं.

"आलं?"

"व्हय," मी म्हणाले.

"बघा, गोंदियाची पोरगी बोलायला पण शिकली आपल्यासारखं," काका म्हणाले.

चाचांनी माझ्या हातची बाटली आणि शिश्या उचलून आतल्या कपाटात टाकल्या. "हे विकायचं नाय. अन् ध्यानात ठेव, चंदन सगळ्यात आधी भरायचं. सकाळी, चहाच्या पण आधी, नाक कोरं असताना. उद्या लवकर ये."

ते पुढंही काहीतरी सांगत होते, मला धड ऐकू आलं नाही. उद्या ये म्हणाले होते.