गरजांच्या मसुद्यातलं एक कलम

वीज पडण्याचा इशारा मोबाइलवर कसा यावा, याचं एकच मानक ठरवणाऱ्या गटात मी आहे. शिरपूरला घरी बसून बैठकांना हजर राहतो. मानकाआधी गरजांचा मसुदा होतो. त्यात उपाय लिहायचे नसतात, माणसाला काय लागतं तेवढंच. पण आम्हा इंजिनिअरांना एवढा धीर कुठला! बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. गजर किती मोठा हवा, यावरच बैठकांमागून बैठका गेल्या.

एका दुपारी मी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून अशीच बैठक फोनवर ऐकत होतो. वहिनी सोयाबीन निंदत होती. आभाळ भरून आलं, लांबवर गडगडलं. तिचा फोन भाकरीच्या पिशवीत होता आणि पिशवी बाभळीच्या फांदीला. इकडे बहुतेक बायका फोन असाच ठेवतात. तो वाजला तशी ती खुरपं टाकून निघाली.

"वयनी, झाडाखाली नका जाऊ!" मी ओरडलो.

"अवं, फोन वाजून राह्यला ना भाऊजी! पोरीचा असन. उचलू नको त काय करू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमचा गजर तिला नेमका झाडाखालीच बोलावणार होता. मी तिला तशीच घरी घेऊन आलो.

पुढच्या बैठकीत मी कलम मांडलं: इशारा कळण्यासाठी कुणालाही झाडाखाली जावं लागू नये. अध्यक्ष म्हणाले, "लोक फोन कुठे टांगतात, हा आपला विषय नाही." मी चिडलो. "मसुदा माणसाच्या गरजांचा आहे की फोनच्या?" बरीच वादावादी झाली, पण कलम राहिलं.

मानक तयार झाल्यावर त्याने एकेक गरज भागते का, ते तपासलं. माझ्या कलमापुढे 'अपूर्ण' असं आलं. एकाने सुचवलं, काढूनच टाकू, म्हणजे काम पुरं दिसेल. मी अडून बसलो. आपल्याला जमलं नाही म्हणून गरज नव्हतीच, असं कसं म्हणायचं? ते कलम आजही तिथे आहे आणि पुढच्या आवृत्तीची सुरुवात त्याच्यापासूनच व्हायची आहे.

वहिनीला हे सगळं सांगितलं.

"म्हंजे झालं नाई?"

"नाही. पण काढूही दिलं नाही."

"बरं केलं. तोवर मी आभायाकडं पायत जाईन," ती म्हणाली. "पन लवकर करा भाऊजी. मले निंदाले त जाच लागते."