पाठमोरे मेकॅनिक

काही बिघडलं की आम्ही कोन गावातल्या एका म्हाताऱ्या लूम-मेकॅनिकला, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्याला, बोलावतो. ते मशीनकडे बघत नाहीत. पाठ करून उभे राहतात आणि आवाजावरून दोष सांगतात.

सरकारबरोबर मिळून आमची कंपनी मंद वाऱ्यावर चालणारी पवनचक्की बनवतेय. वळ गावातल्या गोदामावर बसवलेली पहिली चक्की हलेचना. सरकारी साहेब म्हणाले, "इथे वाराच नाही."

मेकॅनिकनी पातं हाताने ढकललं, पाठ केली. "वारा हाय, साहेब. तुमचं ग्रीस जाड हाय." बेअरिंग धुऊन त्यांनी लूमचं पातळ तेल सोडलं.

खाडीवरून झुळूक आली. पाती फिरू लागली, साहेब वर बघत राहिले. मेकॅनिक पाठमोरे, कान देऊन उभे. चक्कीचा आवाजच येईना. शेवटी त्यांना वळून बघावं लागलं.